डाखाऊला जाल तर १९३३ पासून बघा

म्युनिकला राहायला आल्यापासून आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्यांचा राबता असतो. कोणी आपापले येतात, कोणी टूरमधून एक दिवस मोकळा काढून भेटायला येतात. प्रत्येकाची यादी ठरलेली असते: डोंगरातला राजवाडा, मोटारींचं म्युझियम, जमलं तर सीमेपलीकडे ऑस्ट्रियात एक चक्कर. डाखाऊ त्या यादीत क्वचितच असतं. मुख्य स्टेशनवरून लोकल पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत डाखाऊ येतं आणि तिथून ७२६ नंबरची बस थेट छळछावणीच्या स्मारकापाशी सोडते. प्रवेश फुकट आहे. तरी मी विचारलं की समोरचा अवघडतो. "अगं, चार दिवस फिरायला आलोय. तिथं कशाला?"

हे अवघडणं मला कळतं. आपल्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात वावरत नाहीत. हजारो माणसं जिथं हाल होऊन मेली तिथं गळ्यात कॅमेरा अडकवून, पाठीवर पाण्याची बाटली टाकून जायचं, हे आपल्या मनाला पटत नाही आणि ते पटू नये हेच बरं. फाटकापुढे उभं राहून हसरा फोटो काढणाऱ्यापेक्षा 'मी नाही येत' म्हणणारा माणूस मला जवळचा वाटतो. तरीही मी पाहुण्यांना आग्रह करते. त्याला कारण आहे आपल्याकडचं एक वाक्य.

"इथं ना, एक हिटलरच पाहिजे."

हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस मिळणं कठीण. चौकात कोणी सिग्नल तोडला, तहसील कचेरीत बाबू जागेवर सापडला नाही, एसटीच्या रांगेत कोणी मध्येच घुसला, की हे वाक्य येतं. म्हणणारा माणूस क्रूर नसतो. बऱ्याचदा तो रांगेत उभा राहणारा, कर भरणारा, नियम पाळून पाळून थकलेला असतो. त्याच्या तोंडी हिटलर म्हणजे शिस्त, वेळेवर येणारी गाडी, जागेवर बसलेला कारकून. म्हणूनच रेल्वे स्टेशनाबाहेरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं दिसतं. म्हणूनच २००६ साली खारघरमध्ये हिटलरच्या नावानं एक रेस्टॉरंट निघालं. मुंबईतल्या ज्यू समाजानं आणि इतरांनी विरोध केल्यावर ते नाव बदललं. शिवाय आपल्या मनात आणखी एक धागा आहे. हिटलरनं इंग्रजांना जेरीस आणलं, नेताजी त्याला भेटले. नेताजी १९४२ मध्ये भेटले ते पारतंत्र्यातल्या देशाची निकड घेऊन. आपण मात्र त्या भेटीला नकळत उपकाराचा रंग दिला आणि तो अजून खरवडून काढलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे, की पोलंडमधल्या ऑशविट्झ छावणीची माहिती दिल्यानं हे वाक्य मोडत नाही. मी करून पाहिलंय. किमान ११ लाख माणसं तिथं मारली, त्यातले सुमारे १० लाख ज्यू होते, हे सांगितलं की समोरचा मनापासून हळहळतो. मग म्हणतो, "ज्यूंचं ते केलं ते वाईटच. पण बाकी शिस्त बघ ना." त्याच्या डोक्यात हे दोन वेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात राक्षसी कत्तल, दुसऱ्यात कडक शिस्तीचा प्रशासक. हे दोन्ही कप्पे एकच आहेत हे जिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं, ती जागा डाखाऊ आहे. आणि ते दिसायचं असेल तर डाखाऊ शेवटापासून न बघता सुरुवातीपासून बघावं लागतं.

सुरुवात कशी झाली? हिटलर ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी एका अध्यादेशानं नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. आता पोलिसांना कोणालाही खटल्याशिवाय, मुदतीशिवाय आत ठेवता येणार होतं. त्या अटकेला त्यांनी नाव दिलं 'संरक्षक कोठडी'. २१ मार्चला म्युनिकच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की बुधवारी डाखाऊजवळ पहिली छळछावणी उघडणार असून तिथं ५,००० माणसांची सोय आहे. घोषणा करणारा होता म्युनिकचा तेव्हाचा पोलीसप्रमुख हाइनरिक हिमलर. कोणाला ठेवणार तेही छापलं होतं: कम्युनिस्ट, आणि गरज पडेल तसे समाजवादी पुढारी. कारणही दिलं होतं, की इतक्या लोकांना नेहमीच्या तुरुंगांत ठेवणं परवडणारं नाही. २२ मार्चला दारूगोळ्याच्या जुन्या, बंद पडलेल्या कारखान्यात पहिले कैदी आणले. सत्तेवर येऊन ५१ दिवस झाले होते.

यात चोरून काहीच केलेलं नव्हतं. गुपचूप रात्री उभारलेली, जगाला मागाहून कळलेली अशी ही छावणी नव्हे. नळाला पाणी कधी येणार याची बातमी छापावी तशी ती छापून आली. सकाळी चहा-कॉफीबरोबर लोकांनी ती वाचली, आणि अनेकांना ती पटली असणार. कम्युनिस्ट रस्त्यावर मारामाऱ्या करत होते, संप होत होते, बेकारी प्रचंड होती. कोणीतरी एकदाचा हात उगारला याचं बरं वाटलेली माणसं त्या शहरात नक्कीच होती. 'इथं एक हिटलरच पाहिजे' याचा जर्मन अवतार त्यांच्याही तोंडी असेल.

दोन वर्षांपूर्वी माझे मामा आले होते. साताऱ्याकडच्या एका गावात ते मुख्याध्यापक होते. आयुष्यभर शाळा वेळेवर भरवली. घंटेला एक मिनिट उशीर त्यांना खपत नसे. 'हिटलरच पाहिजे' हे वाक्य मी लहानपणी सगळ्यात जास्त त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि त्याला जोडून 'आणीबाणीत गाड्या वेळेवर होत्या' हेही. त्यांना मी डाखाऊला नेलं. यायला तयार झाले ते माझं मन राखायला.

पूर्वी छावणीचं स्वयंपाकघर, धुलाईघर, कोठारं होती त्या लांबलचक इमारतीत आता प्रदर्शन आहे. तिथल्या जुन्या फोटोंत त्याच इमारतीचं छप्पर दिसतं. त्यावर हजेरीच्या मैदानातून प्रत्येक कैद्याला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत एक मजकूर रंगवला होता. स्वातंत्र्याकडे जाणारा एक मार्ग आहे, त्याचे मैलाचे दगड असे: आज्ञापालन, उद्योगीपणा, प्रामाणिकपणा, व्यवस्थितपणा, स्वच्छता, असं करत करत यादी त्याग आणि मातृभूमीवरच्या प्रेमापर्यंत जाते. मी मामांना एकेक शब्दाचा अर्थ सांगत गेले. ते चष्मा कपाळावर चढवून फोटोच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमच्या व्हरांड्यात होतं गं. हेच शब्द. मीच पेंटरकडून लिहून घेतले होते."

मामांची शाळा आणि ती छावणी यांची तुलना कोणी करू नये, मीही करत नाही. त्या शब्दांत काही वाईट नाही. पण ते शब्द इथं माणसाला मोडायला वापरले गेले, तेही अगदी शब्दशः, हे बघण्यासारखं आहे. पुन्हा बांधलेल्या बराकीत लाकडी बिछान्यांच्या ओळी आहेत. गवत भरलेली गादी फळीसारखी सपाट हवी, कडा काटकोनात हव्यात. जमिनीवर डाग नको, कपाटातल्या वाडग्यावर पाण्याचा थेंब वाळलेला नको. दिसला तर शिक्षा. शिक्षा म्हणजे लाकडी घोडीवर वाकवून फटके, किंवा दोन्ही हात पाठीमागे बांधून मनगटांवर टांगून ठेवणं. सांधे निखळत. बिछाना नीट घालायला वेळ मिळावा, डाग पडू नये म्हणून माणसं अपुऱ्या झोपेतूनही लवकर उठत, जमिनीवर पाय घासत चालत. त्या छावणीत स्वच्छता होती, वक्तशीरपणा होता, रांगा सरळ होत्या. 'बाकी शिस्त बघ ना' म्हणणाऱ्याला जे हवं असतं ते सगळं तिथं होतं. छळाचं साधन तेच होतं.

आणि कोणासाठी? सुरुवातीला राजकीय विरोधक. पुढे यादी वाढत गेली: 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक, समलिंगी पुरुष, रोमा आणि सिंती (ज्यांना जिप्सी म्हणत). १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंची घरं-दुकानं फोडल्यावर १०,००० हून जास्त ज्यू पुरुष एकट्या डाखाऊत आणले गेले. यातल्या एका गटाकडे आपलं लक्ष जायला हवं. काळ्या त्रिकोणाचा बिल्ला लावलेले हे कैदी म्हणजे भिकारी, बेघर, दारुडे, आणि सरकारी भाषेत 'कामचुकार'. आपण ज्यांच्याकडे बोट दाखवून हिटलरची आठवण काढतो ती हीच माणसं. तेव्हा आपल्या वाक्यातला हिटलर काल्पनिक नाही. त्यानं ते काम खरोखर केलं होतं, आणि ते कसं केलं त्याचा पत्ता डाखाऊ आहे.

इथंच टूरवाल्यांशी माझं भांडण आहे. ज्या मोजक्या सहली डाखाऊला येतात त्या दीड तासात परततात. बस थांबते, 'काम तुम्हाला मुक्त करील' असं लिहिलेल्या लोखंडी फाटकाचा फोटो होतो, मोकळं मैदान ओलांडून सगळे तडक दाहभट्टीकडे जातात. गॅस चेंबर बघतात. इथल्या गॅस चेंबरचा सामूहिक कत्तलीसाठी वापर झाला नाही हे बहुतेकांना कोणी सांगतही नाही. मग परत बसमध्ये. इतक्या घाईत दिसतो तो फक्त शेवट. आणि नुसता शेवट बघितला की माणूस सुटतो, कारण भट्टी बघून 'मी असं कधीच करणार नाही' असं प्रत्येकाला खात्रीनं म्हणता येतं. पेपरातली ती बातमी बघून तसं म्हणता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की अर्धा दिवस द्या, प्रदर्शनाच्या पहिल्या दालनांत जास्तीत जास्त वेळ थांबा, आणि तेवढा वेळ नसेल तर जाऊच नका.

त्या पहिल्या दिवसांची एक गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाला सांगावी अशी आहे. सुरुवातीला पहारा साध्या पोलिसांचा होता. ११ एप्रिलला छावणी एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या हातात गेली. १२ तारखेला चार कैद्यांना तारेबाहेरच्या झाडीत नेऊन गोळ्या घातल्या: रुडॉल्फ बेनारिओ, अर्न्स्ट गोल्डमन, आर्थर कान आणि एर्विन कान. चौघेही ज्यू. आर्थर वैद्यकीचा विद्यार्थी होता, वय २१. 'पळून जाताना मारले गेले' असं कागदावर लिहिलं. म्युनिकच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयातला योझेफ हार्टिंगर नावाचा अधिकारी नियमाप्रमाणे जागेवर गेला. तोवर कायदा तसा जिवंत होता, तुरुंगात मृत्यू झाला तर चौकशी करावी लागे. प्रेतं बघून त्याला कळलं की हे पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर मारलेलं नाही. पुढच्या आठवड्यांत आणखी मृत्यू झाले, तो पुन्हा पुन्हा गेला. मोरित्झ फ्लाम हे सरकारी डॉक्टर त्याच्याबरोबर होते, त्यांनी शवविच्छेदन करून जखमा जशाच्या तशा लिहून ठेवल्या. जूनच्या सुरुवातीला छावणीचा प्रमुख हिल्मार वेकर्ले याच्यावर खटल्याचे कागद तयार झाले. फाइल वर गेली. आणि वरच राहिली.

वेकर्लेची बदली झाली एवढंच. त्याच्या जागी थिओडोर आयके आला. त्यानं १ ऑक्टोबर १९३३ ला छावणीचे लेखी नियम आणि शिक्षांचं कोष्टक लागू केलं. यादृच्छिक मारहाणीची जागा कलम, पोटकलम, सही-शिक्का यांनी घेतली. हे कोष्टक पुढच्या सगळ्या छावण्यांचा नमुना ठरलं. आयके सगळ्या छावण्यांचा निरीक्षक झाला. ऑशविट्झचा पुढचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस छावणीचं काम शिकला तो डाखाऊतच. म्हणजे ऑशविट्झची वाट जिथून निघते तिथं एक फाइल अडकलेली आहे.

मामांना या गोष्टीनं गाठलं. भट्टीपाशी ते हात जोडून उभे राहिले, पण परत फिरताना बोलत होते ते त्या फाइलीबद्दल. शिक्षण खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. फाइल कशी अडकते, का अडकते, कोण कोणाला फोन करतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आक्षेप आहेत, आणि ते मामांनीच घेतले. "यांनी आपली माणसं मेली म्हणून एवढं मोठं स्मारक केलं. बंगालच्या दुष्काळात आपली लाखो माणसं मेली त्याचं लंडनमध्ये काय आहे? आणि छावण्या तर इंग्रजांनीही बोअर युद्धात उघडल्या होत्याच की." मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. साम्राज्यांनी आपल्या वसाहतींत केलेल्या गुन्ह्यांची स्मारकं आपल्या राजधान्यांत जवळपास बांधलेलीच नाहीत. पण त्यामुळे डाखाऊचं वजन कमी न होता उलट वाढतं. आपण अंदमानला जातो, सेल्युलर जेलमध्ये कोलूपुढे उभे राहतो, तेव्हा आपण सोसणाऱ्यांचे वारस असतो. इथं केलेल्यांचे वारस आपल्याच नववीच्या मुलांना बसमध्ये घालून आणतात आणि सांगतात, हे आपल्या आजोबांच्या गावात झालं. बव्हेरियात बऱ्याच माध्यमिक शाळांना अशी भेट अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करावी लागते. आपल्या महाराष्ट्रात गड आहेत, हुतात्मा चौक आहे, समाध्या आहेत. 'हे आम्ही केलं, आमच्याच माणसांवर' असं सांगणारी जागा मला आठवत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर झालेले हल्ले आठवले तरी अशी जागा का नाही हा प्रश्न मला टोचतो.

हेही जर्मनांनी आनंदानं केलेलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. युद्धानंतर याच बराकींत पूर्वेकडून हाकलून दिलेल्या जर्मन निर्वासितांची वसाहत होती, चांगली पंधराएक वर्षं. १९५५ मध्ये दाहभट्टीच पाडून टाका अशी मागणी स्थानिक पुढाऱ्याकडून आली. गावाला ही आठवण नको होती. छावणीच्या रोपवाटिकेच्या दुकानातून भाजी-औषधी विकत घेणारं गाव होतं ते, त्याला काहीच ठाऊक नव्हतं असं म्हणणं अवघड होतं. वाचलेल्या कैद्यांनी संघटना बांधून, वर्षानुवर्षं तगादा लावून १९६५ मध्ये हे स्मारक करायला लावलं. सुटकेनंतर २० वर्षांनी. आणि आज आपण ज्याला जर्मनांचा मोठेपणा म्हणतो तो आधी या कैद्यांचा चिवटपणा होता.

या जागेत आपलं म्हणून एक नावही आहे. दाहभट्टीपाशी चार स्त्रियांच्या नावांची पाटी आहे, त्यातलं एक नाव नूर इनायत खान. तिचे वडील, सूफी संगीतकार हजरत इनायत खान, जन्मले गायकवाडांच्या बडोद्यात. वडिलांचे आजोबा मौलाबक्ष हे बडोद्याच्या दरबारातले गवई. नूर ब्रिटिश हेरखात्याची वायरलेस चालवणारी म्हणून जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊत तिला गोळी घातली. हिटलरनं इंग्रजांना जेरीस आणलं याचं ज्यांना अजून बरं वाटतं त्यांनी या पाटीपुढे क्षणभर उभं राहावं. एकूण २ लाखांहून जास्त माणसं या छावणीतून आणि तिच्या उपछावण्यांतून गेली, ४० पेक्षा जास्त देशांची. किमान ४१,५०० जण परतले नाहीत.

लहान मुलांना नेऊ नका. स्मारकाचीच शिफारस १३ वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि ती बरोबर आहे. त्याहून लहान मुलाला फक्त भीती मिळते. मोठ्यांना मात्र न्याच, विशेषतः घरातल्या त्या एका काका-मामांना, ज्यांच्या तोंडी ते वाक्य आहे.

मामांनी ते वाक्य सोडलं का, असं मला बहिणीनं विचारलं. मला माहीत नाही. परवा फोनवर गावातल्या पाणीपुरवठ्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढला, "इथं एक..." इथवर आले आणि थांबले. पुढं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला कसा अर्ज केला ते सांगितलं. त्यात मी फार अर्थ शोधत नाही.

त्या दिवशी बस यायला बारा मिनिटं होती. थांब्यावर कुठल्याशा जर्मन शाळेची मुलं गलका करत होती. मामा बाकावर बसले, पिशवीतली दशमी काढली, पण खाल्ली नाही. म्हणाले, "त्या हार्टिंगरचं पुढं काय झालं?"

"बदली झाली. युद्धातून वाचला. म्हातारा होऊन गेला, १९८४ मध्ये."

"आणि फाइल?"

"सापडली. युद्ध संपल्यावर."

"म्हणजे जाळली नव्हती," मामा म्हणाले. "बारा वर्षं कोणाच्या तरी कपाटात होती."